किसो की कुमानो? आधी मुक्काम ठरवा, मग वाट

जपानमध्ये जुन्या वाटेने चालायचं आणि रोज रात्री वाटेवरच्याच एखाद्या छोट्या सराईत उतरायचं, एवढं पक्कं झालं की बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी येऊन थांबते. एक नाकासेंदो, त्यातही किसो खोऱ्यातला तुकडा. दुसरी कुमानोची यात्रावाट, त्यातही नाकाहेची हा मार्ग. शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची परिक्रमाही कुणीतरी सुचवतंच, पण ती जवळपास १,२०० किलोमीटरची आहे. आठ-दहा दिवसांची रजा टाकून जाणाऱ्याने तिचा विचार निवृत्तीनंतर करावा.

फोटो पाहून या दोहोंत निवड होत नाही. दोन्हीकडे शेवाळलेले दगड, सरळसोट सीडर आणि धुकं. फोटोखालची ओळ झाकली तर कुठला कुठला हे ओळखणं कठीण. फरक कळतो तो नकाशा उघडल्यावर. किसो खोऱ्यात जुन्या रस्त्याच्या सोबतीने रेल्वे धावते आणि थोड्या थोड्या अंतरावर स्टेशनं आहेत. कुमानोच्या डोंगरात रेल्वे नाही. बस आहे, तीही मोजकी. त्यामुळे किसोत तुम्ही कुठे झोपता आणि कुठे चालता यांची गाठ सैल असते. कुमानोत ती घट्ट असते: मधल्या एका रात्रीची जागा मिळाली नाही तर पुढचा-मागचा टप्पाच कोसळतो. गुडघे, जेवण, पैसे, पाऊस हे सगळे प्रश्न फिरून याच गाठीपाशी येतात, म्हणून ही तुलना मुक्कामाच्या बाजूने.

किसो: सरकारी रस्ता, राखलेली गावं

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शोगुनच्या (लष्करी शासकाच्या) राजधानीतून, एदोतून म्हणजे आजच्या तोक्योतून, पाच सरकारी महामार्ग निघत. क्योतोला जाणारे त्यातले दोन: समुद्राच्या बाजूने जाणारा तोकाइदो आणि डोंगरातून जाणारा नाकासेंदो. नाकासेंदोची लांबी साधारण ५३० किलोमीटर आणि वाटेत ६९ ठाणी. ठाण्यावर घोडे आणि हमाल मिळत, सरदारांसाठी राखीव वाडा असे, सामान्यांसाठी सराया असत. किसो खोऱ्यात अशी ११ ठाणी होती, उत्तरेला निएकावापासून दक्षिणेला मागोमेपर्यंत. तोकाइदोवर मोठ्या नद्या आडव्या येत आणि पुरात प्रवासी दिवसच्या दिवस अडकून पडत. डोंगरातली वाट लांबची आणि चढणीची असली तरी तिच्यावर वेळेचा भरवसा ठेवता येई. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला क्योतोहून एदोला गेली ती याच रस्त्याने, हजारोंचा लवाजमा घेऊन. किसो-फुकुशिमाला तपासणी नाका होता. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, या दोहोंवर तिथे खास नजर असे. सरदारांच्या बायका राजधानीत एक प्रकारे ओलीसच होत्या.

१९११ मध्ये चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्याची गरज संपली. त्सुमागोला स्टेशन मिळालं नाही. गाव ओस पडत गेलं, आणि जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा कुणाकडे राहिला नाही म्हणून ती घरं वाचली. १९६८ पासून गावकऱ्यांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि स्वतःवर तीन बंधनं घालून घेतली: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत आणि दिवसा गाड्यांना बंदी आहे. मागोमेचं तसं नाही. ते १८९५ आणि १९१५ च्या आगींत जळालं, त्यामुळे तिथलं बरंचसं नंतर उभं राहिलेलं आहे. दगडी फरसबंदीचा चढता रस्ता देखणा आहे, पण दुपारी सहलीच्या बस रिकाम्या होतात तेव्हा तिथे फार वेळ काढावासा वाटत नाही. उत्तरेकडचं नाराई, जवळपास एक किलोमीटर लांबीची घरांची सलग रांग, मला या दोन्हींपेक्षा सरस वाटतं. तिथे दुकानांच्या मधूनमधून राहती घरं अजून आहेत.

चालण्याचं म्हणाल तर खोरं सलग पायी काढायचा हट्ट नको. बऱ्याच ठिकाणी जुनी वाट राष्ट्रीय महामार्ग १९ ने गिळली आहे आणि ट्रकच्या शेजारून किलोमीटरच्या किलोमीटर चालण्यात इतिहास नाही, नुसता धूर आहे. दोन तुकडे मात्र सोडू नयेत. मागोमे ते त्सुमागो, साधारण आठ किलोमीटर, अडीच-तीन तासांचा. तो मागोमेकडूनच सुरू करावा, कारण मागोमे सहाशे मीटर उंचीच्या आसपास आहे, खिंड आठशेच्या आणि त्सुमागो सव्वाचारशेच्या. म्हणजे चढ थोडा, उतार जास्त. मध्ये एका जुन्या घरात स्वयंसेवक चहा देतात. जागोजागी अस्वलांना सावध करायला घंटा टांगल्या आहेत, येता-जाता जोरात वाजवायच्या, लाजू नये. दुसरा तुकडा नाराई ते याबुहारा, तोरीई खिंडीतून, साधारण सहा किलोमीटर. खिंड ११९७ मीटरवर आहे. इथे गर्दी पहिल्या तुकड्यापेक्षा पुष्कळ कमी. वेळ असेल तर मागोमेहून उलट दिशेला ओचिआईकडे उतरणारी दगडी फरसबंदीही पाहावी.

या खोऱ्यातलं जंगल नैसर्गिक वाटतं, पण ते राखलेलं आहे. किसोचा हिनोकी हा सायप्रस जातीचा वृक्ष इमारती लाकडात अव्वल. तो आणि त्याच्या जोडीची चार झाडं तोडण्यावर एदो काळात ओवारीच्या सरदारांनी कडक बंदी घातली होती. एका झाडाला एक मुंडकं, अशी तिची ख्याती होती. इसेचं महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यालाही किसोचा हिनोकी जातो.

कुमानो: वाट हीच यात्रा

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या कीइ द्वीपकल्पावर होंगू, हायातामा आणि नाची ही तीन महामंदिरं आहेत. हजार वर्षांपूर्वी क्योतोचे निवृत्त सम्राट तिथे यात्रेला जाऊ लागले. एकट्या गो-शिराकावाने तीसहून अधिक वेळा ही यात्रा केली. मागाहून सरदार आले, मग सामान्य लोक, आणि डोंगरातून इतकी रीघ लागली की जपानीत तिला मुंग्यांची रांग म्हणू लागले. २००४ मध्ये या वाटा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेशी त्यांचं जुळं नातं जोडलेलं आहे. दोन्ही केल्या तर वेगळी नोंद होते.

नाकाहेची मार्ग ताकिजिरीला सुरू होतो आणि होंगूपर्यंत साधारण ३८ किलोमीटरचा आहे. दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब, पहिला ताकिजिरीला आणि पंचाहत्तरावा होंगूजवळ. वाट चुकणं जवळपास अशक्य. वाटेत ओजी नावाची छोटी देवस्थानं लागतात. कुठे देऊळ, कुठे नुसता कोरलेला दगड. जवळच्या लाकडी पेटीत शिक्का असतो, तो वहीत उमटवत जायचं. मोठी माणसंही त्या शिक्क्यांच्या नादी लागतात.

मला कुमानोबद्दल आदर वाटतो तो एका कथेमुळे. हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातली कवयित्री इझुमी शिकिबू होंगूच्या अगदी जवळ पोचली आणि तिची पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने खंत करणारी कविता रचली. रात्री देवाने कवितेतच उत्तर दिलं: मीही धुळीतच मिसळलेला आहे, तू खुशाल ये. कथा खरी की रचलेली हा प्रश्न वेगळा, पण कुमानो शतकानुशतकं स्वतःची ओळख अशी सांगत आलं. त्याच द्वीपकल्पात कोयासानच्या डोंगरावर बायकांना १८७२ पर्यंत अधिकृत बंदी होती, आणि ओमिने डोंगरातल्या सांजोगाताके शिखरावर ती आजही आहे. बायकांचा गट असेल तर ओमिनेची वाट यादीतून आधीच काढून टाका.

चालताना नोनाका वस्तीजवळ त्सुगिझाकुरा ओजी लागतो. तिथल्या अजस्र सीडरांच्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेकडे वळलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने छोटी देवस्थानं एकत्र करायचं धोरण आणलं आणि देवराया तोडायचा सपाटा सुरू झाला. तानाबेत राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू त्याविरुद्ध उभे राहिले. ही मोजकी झाडं उरली ती त्यांच्यामुळे.

होंगूचं मूळ देऊळ नदीच्या पात्रातल्या बेटावर होतं. १८८९ च्या पुरात ते उद्ध्वस्त झालं, वाचलेले भाग वर टेकडीवर नेले. जुन्या जागेवर २००० साली उभारलेली ३३.९ मीटर उंचीची कमान भाताच्या खाचरांच्या पलीकडे दिसते. बरेच जण इथे यात्रा संपवतात. ज्यांना पुढे नाचीपर्यंत जायचं आहे त्यांना आणखी दोन दिवस आणि दोन घाट: होंगूजवळच्या उकेगावाहून कोगुची साधारण १३ किलोमीटर, कोगुची ते नाची साधारण साडेचौदा.

नाचीला १३३ मीटरचा धबधबा आहे आणि त्याच्या शेजारी सेइगांतोजी हे बौद्ध मंदिर. आख्यायिका सांगते की ते स्थापन करणारा भिक्षू भारतातून समुद्रमार्गे वाहत इथे किनाऱ्याला लागला होता. मंदिर अवलोकितेश्वराचं, कान्हेरीच्या लेण्यांत संकटात सापडलेल्या प्रवाशांना तारणारा जो बोधिसत्त्व कोरलेला आहे, तोच हा. खाली किनाऱ्याजवळच्या फुदाराकुसानजी मंदिरातून एके काळी भिक्षू बंद होडीत बसून दक्षिणेकडे निघत, अवलोकितेश्वराच्या पोतलक पर्वताच्या शोधात. हा पर्वत जुन्या बौद्ध ग्रंथांनी दक्षिण भारतात सांगितला आहे. होडीतली माणसं परत यायच्या हिशेबाने निघत नसत.

चढ

किसोत कुठलाच दिवस अवघड नाही. रोज फिरायला जाणारी साठीतली व्यक्ती मागोमे-त्सुमागो आरामात करते, आणि पाय दुखलेच तर पुढच्या टप्प्याला रेल्वे.

कुमानोत हा सोडवणुकीचा मार्ग कमी. ताकिजिरीतून निघताच चढ अंगावर येतो, मुळांनी भरलेला. पहिल्या दिवशी चिकात्सुयु या वस्तीपर्यंत गेलात तर १३ किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी होंगूपर्यंत २५. म्हणजे पहाटे निघून संध्याकाळी पोचणं. शहाणी माणसं एक तर मधल्या वस्तीत आणखी एक रात्र घालतात, नाहीतर सकाळच्या बसने पाच-सात किलोमीटर पुढे जाऊन सुरुवात करतात. कोगुची ते नाची हा सगळ्यात कडक दिवस. पहिल्या पाच किलोमीटरमध्येच जवळपास ८०० मीटर चढ आहे, आतकरवाडीतून सिंहगड चढण्यापेक्षा जास्त, आणि तो संपल्यावर उरलेला दिवस शिल्लक असतो. शिवाय पायऱ्या शेवाळलेल्या. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याला हे नवं नाही. ज्यांचं चालणं ट्रेडमिलवर होतं त्यांनी महिनाभर आधी जिने उतरायचा सराव करावा. चढताना दम लागतो तो बसल्यावर जातो, उतरताना गेलेले गुडघे रात्रभर ठणकतात.

सोबत आई-वडील असतील आणि तरी कुमानोच हवं असेल तर होश्शिनमोन ओजी ते होंगू हा सात किलोमीटरचा, बहुतेक उताराचा तुकडा घ्यावा आणि नाचीला दाइमोनझाका ही २६७ पायऱ्यांची सीडरांमधली वाट. एवढ्यातही कुमानोचा बराचसा गाभा येतो.

रात्र

दोन्हीकडे मुक्काम दोन प्रकारचे. मिन्शुकू म्हणजे घरच्याच लोकांनी चालवलेली छोटी जागा. रियोकान म्हणजे जास्त सरबराईची, जास्त महाग सराई. दोन्हीत जमिनीवर तातामी चटई, रात्री गादी, संध्याकाळचं आणि सकाळचं जेवण धरूनच दर. आणि दर माणशी असतो, खोलीमागे नाही; हॉटेलांची सवय असलेला माणूस हिशेबात इथेच चुकतो. जेवणासह मिन्शुकूचे माणशी साधारण १० ते १५ हजार येन धरा, रियोकानचे त्याहून बरेच वर. येन साठ पैशांच्या आसपास धरला तर मिन्शुकूची रात्र माणशी सहा ते नऊ हजार रुपयांना पडते. बऱ्याच ठिकाणी रोखच लागते. एकट्या माणसाला काही जागा घेत नाहीत किंवा जास्त आकारतात.

दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पोचायचं, आंघोळ करायची, सहाला जेवण, नऊला गाव झोपतं. उशिरा पोचणं हा इथे गंभीर अपराध आहे, कारण स्वयंपाक तुमच्या नावाने मोजून केलेला असतो आणि अंधार पडला की यजमानांना तुमची काळजी लागते. आयत्या वेळी रद्द केलंत तर पैसे बुडतात, आणि ते योग्यच आहे.

आता दोहोंतला फरक. त्सुमागो-नाराईत जुन्या घरातच झोपायला मिळतं. काळपट तुळया, सरकते कागदी दरवाजे, मधोमध चूल. त्याचबरोबर शेजारच्या खोलीतलं घोरणं, सामायिक संडास आणि थंडीत गार पडणारी खोली. संरक्षित घरात हवा तो बदल करता येत नाही. संध्याकाळी पाचनंतर दिवसाचे पर्यटक निघून जातात आणि गाव फक्त राहिलेल्या लोकांचं होतं. किसोला जाऊन मुक्काम न करता परतणाऱ्याने अर्धं किसो पाहिलंच नाही. कुमानोत मुक्कामाची घरं बहुतेक साधी, अलीकडची. खिडकीतून डोंगर छान दिसतो, पण घराला वय नाही. थोडक्यात, किसोत जुनेपण घरात आहे आणि कुमानोत वाटेत. तुम्हाला रात्रीसाठी जायचं आहे की दिवसासाठी, हे स्वतःला विचारा. निम्मी निवड तिथेच होते.

जागा मिळवण्याची पद्धतही वेगळी. कुमानोत तानाबे शहराच्या पर्यटन विभागाने अख्ख्या वाटेवरची छोटी घरं एकाच संकेतस्थळावर आणली आहेत. इंग्रजीत अर्ज करता येतो, खाण्याचे निर्बंध लिहिता येतात, कार्डाने पैसे भरता येतात. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कळत नाही तिथेही परदेशी माणूस निर्धास्त पोचतो तो यामुळे. किसोत असं एक दार नाही: काही घरं नेहमीच्या बुकिंग संकेतस्थळांवर, काही स्वतःच्या, काही फक्त फोनवर. पण किसोत त्सुमागो भरलं तर नाराई, नाराई भरलं तर किसो-फुकुशिमा, आणि मध्ये रेल्वे. कुमानोत कोगुची भरलं तर कोगुचीला पर्याय नाही. ती छोटीशी वस्ती आहे, मुक्कामाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक जुन्या शाळेच्या इमारतीत. नाचीपर्यंत चालणाऱ्या प्रत्येकाला तिथे रात्र काढावी लागते.

ताट

शाकाहारी लोकांसाठी दोन्ही वाटा अवघड आहेत, हे आधी कबूल करू. मासा ताटात दिसला नाही तरी सुक्या बोनिटो माशाचा अर्क सूपमध्ये, भाजीत, सोबाच्या (बकव्हीटच्या शेवयांच्या) रश्शात असतोच. ‘मांस नको’ एवढं सांगितलं तर मासा येतो. बुकिंग करतानाच ‘मांस, मासा, माशाचा अर्क, काहीच नको’ असं सविस्तर लिहावं, तिथे पोचून सांगू नये. काही घरं नम्रपणे नाही म्हणतात. त्यांचा राग धरू नये, दुसरं घर शोधावं. कुमानोत ही विचारणा लेखी होत असल्याने सोपी पडते.

मांसाहारी असाल तर मजा आहे. किसोत नदीचा मासा, रानभाज्या, सोबा, अक्रोड आणि मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) लेप लावून भाजलेला भाताचा गोहेई मोची. काही ठिकाणी घोड्याचं मांस आणि गांधीलमाशीच्या अळ्याही वाढतात, आधी विचारून घ्या. सलगमच्या पाल्याचं सुंकी हे लोणचं मिठाशिवाय आंबवतात, लोणच्यात मुरलेल्या मराठी जिभेला ते विचित्र आणि मग चटक लावणारं वाटतं. कुमानोच्या किनाऱ्यावर कात्सुउरा हे ट्यूनाचं मोठं बंदर, तानाबे-मिनाबे हा उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट उमे फळांचा प्रदेश. दुपारी वाटेत काही मिळत नाही, म्हणून डबा आदल्या दिवशी सांगून ठेवायचा. त्यात मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा असतो, मेहारी-झुशी. मेथीचे ठेपले आणि चिवडा खुशाल न्या. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र जपानच्या विमानतळावर अडतात.

कडक शाकाहारी घराला माझा सल्ला तिसराच: कोयासान. नवव्या शतकात कूकाइ या बौद्ध भिक्षूने वसवलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव, पन्नासहून अधिक मंदिरांत मुक्कामाची सोय. तिथलं मठाचं जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचं तोफू, गोठवून सुकवलेलं तोफू, भाज्या. कंदमुळं असतात, त्यामुळे जैन मंडळींनी तेवढं विचारावं. सकाळी काही मंदिरांत होम होतो, तो भारतीय माणसाला अर्धा ओळखीचा वाटतो. खालून वर येणाऱ्या जुन्या वाटेवर अंतराचे १८० दगडी खांब आहेत आणि त्यांवर सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीतली बीजाक्षरं. कोयासानहून कुमानोला चालत जाणारा कोहेची मार्गही आहे, साधारण ७० किलोमीटरचा, हजार मीटरवरच्या तीन खिंडी ओलांडणारा. पहिल्या खेपेला तो घेऊ नये. ओसाकाहून रेल्वे आणि केबल कारने वर जावं, रात्र काढावी आणि मग कुमानोकडे वळावं.

आंघोळ

इथे कुमानो सरळ जिंकतं. होंगूजवळ युनोमिने, कावायु आणि वातासे ही गरम झऱ्यांची गावं आहेत. युनोमिनेत ओढ्याकाठी त्सुबोयु नावाची लाकडी खोपटी आहे. आत दोन-तीन माणसं मावतील एवढं कुंड. यात्रेकरू देवदर्शनाआधी इथे स्नान करत, म्हणून ते जागतिक वारशाचा भाग आहे. चिठ्ठी घ्यायची, नंबर लागला की अर्धा तास फक्त तुमचा. सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करायला संकोच वाटत असेल, आणि आपल्याकडे तो वाटतोच, तर हा उत्तम तोडगा. शेजारच्या उकळत्या झऱ्यात जाळीत घालून अंडी आणि रताळी उकडतात. कावायुत नदीच्या पात्रातली वाळू उकरली की गरम पाणी येतं. किसोतल्या छोट्या घरांत हिनोकीचा टब असतो, तोही आळीपाळीने. लाकडाचा वास सुंदर, पण चालून आलेल्या पायांना झऱ्याचं पाणी ते झऱ्याचं पाणी. दोन्हीकडे नियम एकच: बाहेर बसून अंग घासून धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं.

कधी

किसोत बर्फ पडतं, त्यामुळे डिसेंबर ते मार्च तोरीई खिंड नवख्यांसाठी नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात तिथे चेरी फुलते, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं लाल होतात. कुमानोचा हिवाळा सौम्य, जानेवारीतही चालता येतं, फक्त दिवस लहान. तिथला शत्रू पाऊस. त्याच द्वीपकल्पावरच्या ओवासे गावात वर्षाला जवळपास ४,००० मिलिमीटर पडतो. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, मग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वादळं. सप्टेंबर २०११ च्या वादळाने इथे दरडी कोसळल्या आणि नाकाहेचीच्या एका भागात वळण घ्यावं लागलं. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर जपानची २९ एप्रिल ते ५ मेची सुट्टी टाळा. ऑगस्टच्या मध्यावरचं ओबोन, म्हणजे पितरांचा सणही.

सामान आणि तिकीट

मोठी बॅग पाठीवर नको. जपानची कुरिअर सेवा ती तोक्योहून थेट पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचवते, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. हिवाळा सोडून मागोमे आणि त्सुमागोच्या पर्यटन केंद्रांमध्ये बॅगा पोचवायची सोय आहे. कुमानोत गाड्या एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला सामान नेतात, पण दर बॅगमागे, दर टप्प्याला पैसे पडतात आणि पाच रात्रींत ती रक्कम चांगलीच फुगते.

देशभराचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांना २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. नुसत्या या वाटांसाठी तो घेऊ नये. किसो तोक्यो-क्योतोच्या वाटेतच पडतं: तोक्योहून मात्सुमोतो, तिथून नाराई, खोऱ्यातून खाली मागोमे, मग नाकात्सुगावा आणि एक्स्प्रेसने पन्नास मिनिटांत नागोया. कुमानो वाटेत पडत नाही. ओसाकाहून तानाबेला दोन तासांहून थोडं जास्त, पुढे ताकिजिरीला बस. परतताना कात्सुउराहून ओसाका किंवा नागोया, दोन्हीकडे चारेक तास.

तर मग

पहिलीच जपानवारी, दहा दिवस, त्यात तोक्यो-क्योतोही पाहायचंय, गटात वयाचं अंतर: किसो. एक रात्र नाराई, एक त्सुमागो, मध्ये रेल्वे. तिसरी रात्र हवी तर किसो-फुकुशिमा. याहून जास्त दिवस तिथे देऊ नयेत.

पाच-सहा दिवस सलग फक्त चालण्याला देता येतात आणि पावसात भिजायची तयारी आहे: कुमानो. ताकाहारा (ताकिजिरीनंतरची पहिली वस्ती), चिकात्सुयु किंवा नोनाका, युनोमिने दोन रात्री, कोगुची, नाची-कात्सुउरा. युनोमिनेतली दुसरी रात्र चैन वाटली तरी ठेवा, पाय तिथेच बरे होतात. दोन्ही वाटा एकाच खेपेत करण्याचा मोह होतो. होतं ते, पण दोन्हीकडे अर्धा जीव राहतो.

कुमानो ठरलं तर बुकिंगचा क्रम उलटा धरा. आधी कोगुची, मग चिकात्सुयु, मग बाकीचं, आणि विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी. कोगुचीत जागा नाहीच मिळाली तर हट्ट सोडावा. होंगूहून बस धरून कुमानो नदीच्या खालच्या टप्प्यावर उतरावं. तिथून हंगामात पारंपरिक होडी दीडेक तासात हायातामा मंदिराजवळ सोडते. सम्राटही होंगूपासून पुढे होडीनेच जात. होडीचीही जागा आधी राखून ठेवावी लागते.